विमानातली जागा गेटवर मिळत नाही: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी तिकिटापासून तक्रारीपर्यंत

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून दिल्लीला गेलो. मी, बायको आणि मुलगी सहाव्या रांगेत, आणि आई एकटी 27-एफ वर. आईचं वय तेव्हा एकाहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, विमानात बसायची पहिलीच वेळ. तिला खिडकी मिळाली म्हणून आम्हाला बरंच वाटलं होतं. दिल्लीत उतरल्यावर कळलं, की शेजारचे दोघंही झोपले होते, त्यांना उठवायचं कसं म्हणून आई दोन तासांत जागची हललीच नव्हती. बाथरूमला गेली नव्हती. पाणीसुद्धा विकतच असणार म्हणून मागितलं नव्हतं. बोर्डिंग पासचा कागद तिने पूर्ण प्रवासभर मुठीत धरला होता, त्यावरची अक्षरं घामाने पुसट झाली होती.

खिडकी मिळाली तरी आई आमच्याजवळ बसावी, म्हणून विमानात चढल्यावर मी एअर होस्टेसला विनंती केली, शेजारच्यांना विचारलं, आवाजही थोडा चढला. काही उपयोग झाला नाही आणि आता कळतं, की होणारही नव्हता. आईचं येणं उशिरा ठरलं म्हणून तिचं तिकीट मी आमच्यापासून वेगळं काढलं होतं, आणि वेब चेक-इन (घरबसल्या इंटरनेटवरून हजेरी लावून बोर्डिंग पास काढणं) केलं ते आदल्या रात्री अकरा वाजता. तोवर सगळ्या जागा वाटून झाल्या होत्या.

त्यानंतर नात्यातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच घरांची तिकिटं मी काढून दिली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. आपल्याला सवय एसटीची. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, गाडी फलाटाला लागली, की खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा आपली झाली. विमानात जागा ठरायचे क्षण तीनच: तिकीट काढताना, वेब चेक-इन सुरू होतं तेव्हा, आणि काउंटरवर पहिल्यांदा पोहोचता तेव्हा. गेटवर आणि विमानाच्या दारात कर्मचाऱ्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हा लेख प्रवासाच्या क्रमानेच लिहितोय.

निघायचं कुठून

उजळाईवाडीचं आपलं छत्रपती राजाराम महाराज विमानतळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी पुण्याच्या लोहगावच्या नव्या टर्मिनलचंही झालं. सोय वाढली हे खरं. पण इथून मोजक्याच शहरांना थेट विमान आहे आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मे महिन्याचं तिकीट फेब्रुवारीत काढलं असेल, तर मार्च संपला की वेळ पुन्हा एकदा तपासा. बदल झाल्याचा मेसेज येतो, पण तो ज्याचा नंबर तिकिटावर असतो त्याला. एजंटाने स्वतःचा नंबर टाकला असेल, तर तुम्हाला काहीच कळत नाही. तिकिटावर प्रवाशाचाच मोबाईल नंबर आणि ईमेल घालायला सांगा, आणि घातला की नाही ते डोळ्यांनी बघा.

दिल्ली, कोलकाता, जयपूर अशा लांबच्या प्रवासाला दोन वाटा असतात. एक, उजळाईवाडीहून हैदराबाद किंवा बेंगळुरू आणि तिथून पुढचं विमान. दुसरी, रस्त्याने पुणे, बेळगाव किंवा गोव्यातलं मोपा गाठून तिथून थेट. पुणे सव्वादोनशे किलोमीटर. महामार्गाचं काम आणि पुण्यातली गर्दी धरून मी सहा तास मोजतो. बेळगाव साधारण एकशे दहा किलोमीटर, दोन-अडीच तास. पैशांची तुलना करताना गाडीचं भाडं, टोल, जेवण आणि पहाटे दोनला उठायची दगदग, सगळं धरा. म्हातारं माणूस बरोबर असेल, तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी उजळाईवाडी बरी.

विमान बदलून जाणार असाल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, हवेत. वेबसाइटवर कधी कधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं स्वस्त दिसतात. त्यात पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं. एकाच पीएनआरवर असाल, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते आणि बॅगही थेट शेवटच्या गावाला जाते. काउंटरवर बॅग देताना टॅगवर शेवटच्या शहराचा कोड छापलाय का, हे तिथेच वाचा.

तिकीट काढताना

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातली सगळी माणसं एकाच पीएनआरवर घ्या. कारण साधं आहे. कंपनीची संगणक यंत्रणा सीट वाटताना एका पीएनआरचे लोक शक्यतो जवळ ठेवते. वेगळे पीएनआर म्हणजे तिच्या दृष्टीने अनोळखी माणसं. मुलांच्या बाबतीत तर याला नियमाचंच बळ आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यायची. यातले ‘त्याच पीएनआरवरच्या’ हे शब्द महत्त्वाचे. बायको-मुलांचं तिकीट माहेरच्यांनी काढलं आणि तुमचं ऑफिसने, तर तुमच्याशेजारी मूल बसवा हा आग्रह नियमाच्या जोरावर धरता येत नाही. मूल आईच्या पीएनआरवर आहे ना, एवढं पक्कं करा.

आमच्या आईसारखं कुणाचं उशिरा ठरलं आणि वेगळं तिकीट काढावं लागलं, तर त्याच दिवशी कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. बऱ्याच कंपन्या ती नोंद करतात. जवळची जागा मिळेलच असं नाही, पण काउंटरवर बोलताना हाताशी काहीतरी असतं.

सीटचे पैसे भरायचे का? कमी दराच्या कंपन्यांनी तिकीट स्वस्त दाखवायचं आणि सीट, जेवण, जादा बॅग यांचे वेगळे पैसे घ्यायचे, ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. डीजीसीएने तिला मुभा दिली आहे, पण अट घालून: या सेवा प्रवाशाने स्वतः निवडल्या तरच लागू व्हाव्यात, आपोआप गळ्यात पडू नयेत. म्हणून पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर विमा, जेवण, सीट, ‘फास्ट फॉरवर्ड’ अशा नावांसमोर खूण झालेली दिसली, तर ती काढा. सीटचा नकाशा आला, की पिवळ्या-निळ्या चौकोनांवर लगेच बोट ठेवू नका. खाली किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप’ किंवा सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय असतो.

माझं मत असं. एकटा धडधाकट माणूस तास-सव्वातासाच्या प्रवासाला निघाला असेल, तर सीटचे पैसे भरू नयेत. पण बरोबर सत्तरीचं माणूस असेल, गरोदर बाई असेल, किंवा कुणाला सारखं बाथरूमला जावं लागत असेल, तर त्या एका माणसाची आयल सीट, म्हणजे वाटेच्या कडेची जागा, पैसे देऊन तिकिटाबरोबरच घ्यावी. सगळ्या कुटुंबाच्या जागा विकत घ्यायची गरज नाही. त्या एका जागेशेजारची मधली सीट सहसा कुणी विकत घेत नाही, ती वेब चेक-इनला फुकटात मिळण्याची शक्यता चांगली असते. आईसाठी आता मी हेच करतो.

व्हीलचेअर लागणार असेल, तर तिकीट काढतानाच मागा, निदान दोन दिवस आधी तरी. मागताना नीट सांगा, की माणसाला पायऱ्या चढता येतात की नाही. उजळाईवाडीला विमानापर्यंत मोकळ्या जागेतून जावं लागतं आणि मग पायऱ्या असतात. ‘लांब चालवत नाही’ आणि ‘पायऱ्या चढवत नाहीत’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्यानुसार मदत येते.

वेब चेक-इन: गजर लावा

बहुतेक देशी कंपन्यांचं वेब चेक-इन विमान सुटण्याच्या 48 तास आधी उघडतं आणि सुमारे 60 मिनिटं आधी बंद होतं. विमान शुक्रवारी सकाळी दहाला असेल, तर बुधवारी सकाळी दहाचा गजर फोनमध्ये लावा. फुकट सीट त्या पहिल्या तासा-दोन तासांत मिळतात. उशीर होईल तसं मागच्या रांगा आणि मधल्या सीट उरतात, त्याही विखुरलेल्या.

पानावर सगळ्याच सीटसमोर पैसे दिसतात तेव्हा लोक घाबरतात. पैसे न भरता पुढे गेलात, तर यंत्रणा स्वतः सीट देते, तुम्ही विमानाबाहेर राहत नाही. वेब चेक-इन जमलं नाही म्हणून काउंटरवर बोर्डिंग पास छापायचे वेगळे पैसेही लागत नाहीत. काही कंपन्या ते घेत होत्या, पण जुलै 2022 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते बंद करायला सांगितलं. कुणी मागितलेच, तर पावती मागा.

वेब चेक-इनला मूल आणि पालक लांब पडले, तर तिथेच गप्प बसू नका. स्क्रीनचा फोटो काढा, कंपनीच्या चॅटवर किंवा ईमेलवर पीएनआर, मुलाचं वय आणि 2024 च्या डीजीसीएच्या सूचनेचा उल्लेख करून दोन ओळी लिहा. आणि त्या दिवशी काउंटर उघडायच्या वेळेला हजर राहा. काउंटरवरच्या माणसाला सीट बदलता येते, गेटवरच्याला ती मुभा कमी, विमानातल्याला जवळजवळ नाही.

कोणत्या विमानात कोणती जागा

सीटचा नकाशा बघण्याआधी विमान कोणतं ते बघा. तिकिटाच्या तपशिलात ते लिहिलेलं असतं.

एटीआर हे पंख्याचं विमान. रांगेत दोन-दोन सीट, म्हणजे मधली सीट नाहीच. प्रवाशांचं दार मागच्या बाजूला डावीकडे असतं, पुढच्या भागात सामान असतं. पुढची सीट म्हणजे लवकर उतरणार, हा हिशेब इथे उलटा होतो. पहिल्या रांगेत बसलेला माणूस शेवटी उतरतो. हैदराबादला पुढचं विमान पकडायचं असेल, तर मागच्या रांगा घ्या. पंख्याच्या समोरच्या रांगांत आवाजही जास्त असतो.

एम्ब्रेअरच्या छोट्या जेटमध्ये दोन प्रकार दिसतात. एम्ब्रेअर 145 मध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट, एकूण पन्नासच्या आसपास. त्यातली एकेरी रांग म्हणजे खिडकी आणि वाट दोन्ही तुमची. एम्ब्रेअर 175 मध्ये दोन-दोन.

पुणे, गोवा, मुंबईहून निघणारी एअरबस 320 आणि बोइंग 737 ही तीन-तीनची. यात सामान्य वर्गाच्या दोन रांगांतलं अंतर 28 ते 30 इंच असतं. उंच माणसाला आपत्कालीन दाराजवळची रांग बरी पडते, पण ती मुलांना, गरोदर स्त्रियांना, मदतीची गरज असलेल्यांना देत नाहीत, आणि तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडावं लागतं. अशा दोन रांगा असतील, तर पुढच्या रांगेची पाठ सहसा मागे जात नाही. विमान हलल्याने ज्यांना मळमळतं, त्यांनी पंखाजवळच्या रांगा घ्याव्यात. मांडीवर दोन वर्षांखालचं बाळ असेल, तर एका बाजूच्या तीन सीटांत एकच बाळ बसवतात, कारण तिथे जादा ऑक्सिजन मास्क एकच असतो. दोन बहिणी दोन बाळं घेऊन शेजारी बसू म्हणतील, तर तसं जमत नाही. एकीने वाटेच्या पलीकडची सीट घ्यावी.

छोट्या विमानात कधी कधी वजनाचा तोल साधायला सात-आठ माणसांना मागे किंवा पुढे बसायला सांगतात. ती सूचना सुरक्षेची असते, ऐकायची. फक्त त्या सीटचे पैसे भरले असतील, तर ते परत मागायचे.

बॅग

हातातली बॅग एक, सात किलोपर्यंत, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आत. पर्स किंवा लॅपटॉपची बॅग बहुतेक कंपन्या वेगळी चालवून घेतात. खाली द्यायची बॅग साधारणपणे 15 किलो. घरातल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची.

एटीआर आणि छोट्या जेटमध्ये डोक्यावरचे कप्पे खोलीला कमी असतात. चाकांची कडक ट्रॉली बॅग नियमात बसली तरी कप्प्यात बसत नाही. मग ती पायऱ्यांजवळ टॅग लावून घेतात आणि पोटात टाकतात. हे अगदी घाईत होतं: कर्मचारी हात पुढे करतो, मागे रांग उभी असते, आणि आपण बॅग देऊन मोकळे होतो. मागच्या दिवाळीत शेजारच्या काकूंची बॅग अशीच गेली, आणि त्यात त्यांचं इन्सुलिन, घराच्या किल्ल्या आणि पॉवर बँक होती. पॉवर बँक सामानात टाकायला बंदीच आहे, ती हातातच हवी. तेव्हा औषधं, किल्ल्या, दागिने, कागदपत्रं, पॉवर बँक हे सगळं एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी ट्रॉलीच्या अगदी वर ठेवा. बॅग मागितली, की पिशवी काढायची, ट्रॉली द्यायची, टॅगचा अर्धा तुकडा घ्यायचा.

आपल्याकडून नेहमी जाणाऱ्या गोष्टींबद्दलही सांगतो. कांदा-लसूण मसाला आणि चटणीची पुडी हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. खालच्या बॅगेत दुहेरी पिशवीत बांधून द्या. सुकं खोबरं दोन्हीकडे नको, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. देवाला नेलेल्या नारळावरून तपासणीत वाद घालणारे भाविक मी पाहिले आहेत. तिरुपतीला जाताना नारळ तिथेच घ्या.

वेळ आणि रांग

बहुतेक देशी कंपन्यांचं काउंटर विमान सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, आणि गेट 20 ते 25 मिनिटं आधी. तिकिटावर दहाची वेळ असेल, तर पावणेदहाला धावत येणाऱ्याला विमान समोर उभं दिसतं पण चढता येत नाही. उजळाईवाडी छोटं आहे म्हणून लोक इथे हमखास उशीर करतात. तावडे हॉटेलजवळ वाहतूक तुंबली, की वीस मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा होतो. दीड तास आधी पोहोचा. लोहगावला दोन तास.

बोर्डिंगच्या घोषणेआधीच सगळे उठून उभे राहतात, त्यामागचं कारण जागा नाही, डोक्यावरचा कप्पा आहे. जागा तर ठरलेलीच असते. मग साधा हिशेब करा: हातात मोठी बॅग असेल, तर आपल्या गटात लवकर उभं राहा, नुसती पिशवी असेल, तर बसून राहा, शेवटून दहावे जा. मागच्या रांगा आधी सोडल्या की लवकर चढून होतं असं वाटतं, पण तसं होत नाही, कारण एकाच भागातली माणसं एकाच वेळी कप्प्यात बॅगा कोंबत वाट अडवतात. जेसन स्टेफन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 2008 मध्ये गणित मांडून दाखवलं, की खिडकीवाले आधी आणि एकाआड एक रांगेचे सोडले तर कितीतरी लवकर होतं. युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर 2023 पासून सामान्य वर्गात खिडकी, मधली, मग आयल हा क्रम आणला. आपल्याकडे कंपनीने गट पाडले असतील, तर आपल्या गटाचं नाव येईपर्यंत गेटचं तोंड मोकळं ठेवा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना आधी सोडतात, त्यांच्याबरोबर एकाने जावं, अख्ख्या घराने नको.

विमान उतरल्यावर पट्ट्याची खूण विझेपर्यंत उठू नका. दार उघडायला त्यानंतरही काही मिनिटं लागतात. आईच्या डोक्यावर एकदा घाईत ओढलेल्या बॅगेचा कोपरा लागता लागता राहिला. तेव्हापासून आम्ही रांग पुढे सरकल्यावरच उठतो.

कुणाशी सीट बदलायची असेल तर

आधी त्या जागेवर बसून मग विचारू नका. उभं राहून, नीट, एका वाक्यात विचारा: “ताई, माझी आई तिकडे एकटी आहे, तुम्ही माझ्या सीटवर बसाल का? तीही आयलच आहे.” आपण देतोय ती जागा त्यांच्या जागेइतकी किंवा त्याहून चांगली हवी. मधली देऊन खिडकी मागणं योग्य नाही. त्या माणसाने तिचे पैसे भरलेले असू शकतात. नाही म्हणाले, तर विषय संपला. आणि तुम्हाला कुणी विचारलं आणि मूल किंवा म्हातारं माणूस दिसत असेल, तर जमेल तेव्हा द्या. त्या दिल्लीच्या विमानात एका माणसाने जरी जागा दिली असती, तर आईचे ते दोन तास टळले असते. बदल विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगूनच करा.

उशीर, रद्द, किंवा चढूच दिलं नाही

इथले आकडे पाठ नसले तरी फोनमध्ये साठवून ठेवा. हे डीजीसीएच्या नियमांतले आहेत.

विमानात सीट आहेत त्यापेक्षा थोडी जास्त तिकिटं विकायची मुभा कंपन्यांना आहे. सगळे आले, की कुणाला तरी थांबावं लागतं. आधी कंपनीने स्वखुशीने थांबणारे शोधायचे असतात. तुमचं तिकीट पक्कं आहे, तुम्ही वेळेत आलात, आणि तरी थांबवलं, तर: मूळ वेळेपासून एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. 24 तासांच्या आत दिलं, तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त 10,000 रुपये. 24 तासांनंतर दिलं, तर चौपट, जास्तीत जास्त 20,000. दुसरं विमान नकोच म्हणालात, तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर चौपट, तीच 20,000 ची मर्यादा. ‘वेळेत आलात’ हे सिद्ध करायला काउंटरच्या रांगेत उभं असताना एक फोटो काढून ठेवा, त्यावर वेळ येते.

विमान रद्द झालं आणि दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण किमान 24 तास आधी कळवलं, तरी हेच. तेही कळवलं नाही, तर परतावा किंवा दुसरं विमान आणि शिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, एक ते दोन तासांच्या 7,500, त्याहून मोठ्याला 10,000 रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं व इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. वादळ, धुकं, सुरक्षेचा प्रश्न अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला भरपाई मिळत नाही. पण तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान यांवरचा हक्क तेव्हाही राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात ‘हवामान’ हा शब्द ऐकला, की लोक सगळंच सोडून देतात. तसं करू नका.

उशिराचं असं: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर खाणं-पाणी मिळायला हवं. कोल्हापूरहून सुटणारी विमानं या गटातच येतात. सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. उशीर 24 तासांहून जास्त असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं असेल, तर हॉटेल. उशिरालाही हाताबाहेरच्या कारणांची सूट कंपनीला आहे, म्हणून कारण काय ते विचारा आणि लिहून घ्या.

पैसे भरून वरच्या वर्गाचं तिकीट काढलं आणि खालच्या वर्गात बसवलं, तर फेब्रुवारी 2023 पासूनच्या नियमाने देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. आणि तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत किंवा विमान चुकलं, तरी विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात. ‘नॉन रिफंडेबल’ तिकिटावरही. ही रक्कम बहुतेक जण मागतच नाहीत.

2025 च्या डिसेंबरमध्ये पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली, तेव्हा देशभरातली विमानतळं माणसांनी आणि बॅगांनी भरली होती. अशा वेळी काउंटरवरच्या रांगेत एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी ॲपवरून दुसरं विमान किंवा परतावा निवडायचा. ॲप बहुधा आधी चालतं. लग्न, परीक्षा, ऑपरेशन असं न टळणारं काम असेल, तर एक दिवस आधी निघा, आणि मुंबईचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीटही जवळ ठेवा.

तक्रार कशी करायची

काउंटरवरच्या मुलीवर ओरडून काही मिळत नाही. निर्णय तिने घेतलेला नसतो, आणि आवाज चढला की सुरक्षारक्षक येतात, गैरवर्तनाची नोंद होते. शांतपणे एकच मागा: जे सांगताय ते लिहून द्या, किंवा मेसेज पाठवा. लिहून देत नसतील, तर बोर्डावरचा विमान क्रमांक आणि वेळ यांचा फोटो घ्या. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीकडचे फोटो काढायला मनाई आहे. टर्मिनलच्या आतल्या बोर्डावर भागवा. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, खाण्याची आणि टॅक्सीची बिलं, काहीही फेकू नका.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा. पीएनआर, तारीख, काय झालं ते पाच-सहा ओळींत, आणि नेमके किती रुपये हवेत तो आकडा. ‘खूप मनस्ताप झाला’ एवढंच लिहिलं, तर उत्तरात माफी येते. उत्तर समाधानकारक नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, आणि त्यावरच्या अपील अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्यांना तोच ईमेल पुढे पाठवा. त्याच वेळी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर नोंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तिथे मराठीतही बोलता येतं.

तरीही नाहीच झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग. पुष्कळांना वाटतं, की कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीला किंवा गुरुग्रामला, म्हणजे आपल्याला तिकडे जावं लागणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदललं. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीला ईमेलने आधी मागणी केल्याचा पुरावा तक्रारीला जोडा.

दिल्लीच्या त्या प्रवासाबद्दल मी तक्रार केली नाही, कारण कंपनीने नियम मोडला नव्हता. गेल्या वर्षी आईला पुन्हा नेलं, या वेळी हैदराबादला. सगळ्यांचं एकच पीएनआर, तिची मागच्या बाजूची आयल सीट तिकिटाबरोबर घेतलेली, 48 तासांचा गजर, व्हीलचेअरची नोंद. विमान वर गेल्यावर तिने स्वतःच एअर होस्टेसला हाक मारून पाणी मागितलं. पाणी फुकट असतं, हे मी तिला कावळा नाक्यापासून उजळाईवाडीपर्यंत तीनदा सांगितलं होतं.